चौथा खिसा

वूच शहरातल्या ज्या सूतगिरणीत
आई तीस वर्षं बॉबिनी बदलत उभी राहिली
तिथे आता जत्रा भरते.
निळ्या केसांची मुलं, पुठ्ठ्याच्या तलवारी,
एक ड्रॅगन ट्रॅममधून उतरला, शेपूट काखेत मारून.
मीही गेले. तिकीट काढून. छप्पन्नाव्या वर्षी.
अंगात इर्मिनाचा कोट, बटणं आता लागत नाहीत.

इर्मिना तुम्हाला ठाऊक नसणार.
दलदलीपलीकडच्या गावांत पत्रं पोचवणारी टपालवाली,
दर आठवड्याला दीड पान, काळ्यापांढऱ्या चौकटींत.
तिच्या कोटाला सतरा खिसे.
सोळांत काय ते आम्हाला पाठ होतं:
मीठ, शिट्टी, लांडग्यासाठी हाड,
विधवांची पत्रं वेगळी.
सतरावा उघडायच्या आतच
साप्ताहिकाचा कागद संपला.
तेव्हा आमच्याकडे सगळंच संपायचं,
साखर, बूट, धीर.
त्यात एक गोष्ट अर्धी राहिली तर कोण रडणार?

मी रडले.
आणि तिकडे बियावीस्तोकला आणखी एक मुलगी.

वाचकांच्या पत्रांत तिचा पत्ता होता. हाल्श्का.
मी लिहिलं, तिने लिहिलं, पोस्टमनला आमचा कंटाळा आला.
चेहरा कधी पाहिला नाही,
पण तिच्या कमरेचं माप मला तोंडपाठ,
माझ्या खांद्यांचं तिला.
कोट बेतायचा होता ना दोघींना.
मी लष्करी कांबळं कापलं.
तिने नाटकगृहाचा पडदा मिळवला,
कुणाला काय देऊन, ते सांगितलं नाही.
नमुना माझा, वर्तमानपत्रावर, भिंग लावून काढलेला.
तिच्यासाठी गिरवताना कागद उलटा पडला
आणि चौथा खिसा उजवीकडचा डावीकडे गेला.
लक्षात आलं तेव्हा तिचे टाके घालून झाले होते.
तिने कळवलं, उसवणार नाही.
मग मी माझा उसवला,
आणि डावीकडे लावला.

पुढे भांडलो. सतराव्या खिशावरून.
मी म्हणायचे, आत तिला स्वतःला आलेलं पत्र असणार.
ती म्हणाली, रिकामा आहे गं,
म्हणून तर चालत राहते ती.
मी रागाने उत्तर दिलं नाही.
एक आठवडा. मग हिवाळा.
मग लग्न, मुलगा, घटस्फोट, शिलाई मशीनचे हप्ते,
एकेचाळीस वर्षं.

गर्दीत एक पाठ दिसली.
विटकरी मखमल, कोपरांवर टक्कल पडलेली.
ती वळली तेव्हा मी चेहरा बघितलाच नाही.
खिसे मोजले. एक, दोन, तीन,
डावीकडे.

"कंबर वाढलीये तुझी," मी म्हटलं.
ती म्हणाली, "खांदे तेच आहेत."
मग बाकावर बसून खसखशीचा रोल खाल्ला, अर्धा अर्धा,
बराच वेळ काही बोललो नाही.
आम्हाला लिहायची सवय,
तोंडाने कुठून सुरू करतात?

शेवटी मीच विचारलं, सतराव्यात काय ठेवतेस?
अस्तराच्या आत हात घातला तिने.
"चष्मा. लागतो हल्ली. आणि तू?"
माझा रिकामा होता.
सांगितलं नाही मी.

तेवढ्यात एक पोरगी थांबली, सोळाएक वर्षांची.
काकाच्या पोटमाळ्यावर जुने अंक सापडले म्हणे.
कोट नवाकोरा, मशीनची शिवण,
सतराच्या सतरा खिसे बिनचूक.
आमच्याकडे निरखून बघत, अगदी अदबीने म्हणाली,
"माफ करा, चौथा खिसा उजवीकडे हवा."

"माहीत आहे," आम्ही म्हटलं,
दोघींनी, एका दमात.

मग हाल्श्का सरकली
आणि पोरीला बसायला जागा केली.